नळीतली फुंकर

मिरजेत पेट्रोलच्या अकराच गाड्या उरल्या होत्या आणि खांबेटेकाकांची त्यांत सगळ्यात म्हातारी. धुराच्या तपासणीत नापास झाली की थेट भंगारात. म्हणून तपासणी करणारी शबाना यंत्राच्या पडद्याकडे वळली, तशी काकांनी सायलेन्सरमध्ये खुपसलेली यंत्राची नळी ओढली आणि तिच्यात स्वतःच फुंकर मारली. गेली तीन वर्षं गाडी अशीच पास होत होती.

पण यंदा यंत्र नवं होतं.

"काका, नळी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? गाडीला!"

"मग गाडीनं सकाळी मेथीची भाजी खाल्लीय." शबाना हसत हसत पुढचं वाचायला लागली आणि तिचं हसू थांबलं. "काका, जरा बसा. हेच यंत्र आता दवाखान्यातही असतं. तुमच्या फुफ्फुसात गाठ दाखवतंय, मुगाएवढी. गाडीचं नंतर बघू, तुम्ही आजच डॉक्टरांकडे जा."

ऑपरेशन होऊन गाठ वेळेत निघाली.

चार महिन्यांनी काका गाडी घेऊन परत आले. या वेळी नळी त्यांनी स्वतःच्या हातानं सायलेन्सरमध्ये खुपसली. गाडी नापास झाली. काकांनी वाद घातला नाही. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "हिनंच आणलं गं मला तुझ्याकडे." आणि किल्ली तिच्या टेबलावर ठेवली.

मग नळी रुमालानं नीट पुसून त्यांनी तोंडाला लावली आणि डोळे मिटून फुंकर मारली.

शबानानं पडदा दोनदा वाचला.

"फक्त मेथी, काका."