रुमालाखालचे पाच

"एकोणतीस लाख? आवो साहेब, मागल्या साली चोवीस व्हते की!"

ईश्वरप्पांनी फीचा छापील कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग नाकाशी आणला. आकडा काही हलला नाही. टेबलापलीकडे कॅप्टन साहेब बसले होते, फौजेतून निवृत्त होऊन लातूरच्या या वैमानिक शाळेत पोरांना शिकवणारे. शेजारी सिंधु, वैमानिक व्हायला निघालेली ईश्वरप्पांची एकुलती एक लेक. मध्ये पाण्याचे तीन ग्लास, तिन्ही अर्धे. त्या उन्हाळ्यात लातुरात भरलेला ग्लास कुणी पुढं करत नव्हतं आणि कुणी मनाला लावूनही घेत नव्हतं.

"विमानाचं पेट्रोल महागलं, काका. सुटे भाग डॉलरात येतात," कॅप्टन म्हणाले. "आणि दोनशे तास उडवल्याशिवाय लायसन मिळत नाही. जागाही आता एकच उरलीय. आज पैशाचं नक्की झालं नाही, तर उद्या दुसऱ्याला जाईल."

ईश्वरप्पांना हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं त्यांनी हाळीच्या बाजारात बैलांची दलाली केली. यंदा दुष्काळानं असा तडाखा दिला, की लाखाची जोडी चाळीस हजारांवर आली. कडबा महाग, बैल मातीमोल. उदगीरचा जिल्हा होणार म्हणून जागांचे भाव तेवढे चढले होते, पण ईश्वरप्पांकडं जागा होती कुठं! बँक वीस लाखांचं कर्ज देत होती. वरचे चार त्यांनी जमवून ठेवले होते. आता हे पाच लाख कुठून आले मधेच?

पण दलाल माणूस तोंडी भावावर विश्वास ठेवत नसतो. बोलायचा भाव वेगळा, खरा भाव रुमालाखाली, बोटं दाबून. ईश्वरप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि त्याखाली हात सारला.

"हात द्या साहेब."

"म्हणजे?"

"अप्पा!" सिंधुनं कपाळावर हात मारून घेतला. "हा काय बैलबाजार हाय का?"

कॅप्टन मोठे मजेशीर. त्यांनी खुशाल रुमालाखाली हात घातला. ईश्वरप्पांनी त्यांची चार बोटं गच्च आवळली आणि डोळा बारीक केला. म्हणजे, चार लाख सोडा.

"काका, पकड जबरदस्त आहे तुमची!" कॅप्टन हसत हात चोळत म्हणाले. "पण खोटं कशाला बोलू? फीमधला रुपयाही माझ्या हातात नाही."

झालं. ईश्वरप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. रुमाल उचलायला हवा होता, पण हात काही निघेना. उदगीरच्या बँकेत चार लाखांची ठेव होती. सिंधुच्या लग्नाची. ती मोडायची? उद्या सोयरे आले तर त्यांना काय दाखवायचं, विमान? आणि मोडली तरी चारच. एक कमी पडतोच. बरं झालं, त्यांच्या मनात आलं, आता नाही म्हणायला कारण तरी मिळालं. आणि असं मनात आलं याची त्यांना लगेच लाज वाटली.

तेवढ्यात रुमालाखाली त्यांच्या हाताला कुणीतरी धरलं. लेकीचा हात!

बाईमाणसानं रुमालाखाली हात घातलेला ईश्वरप्पांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण ही पोर पाच वर्षांची असल्यापासून बाजारात त्यांच्या मांडीवर बसायची, बोटांचं गणित तिथंच शिकली होती. तिनं त्यांची पाचही बोटं मुठीत घेतली. पाच लाख.

ईश्वरप्पांनी अंगठा सोडवून घेतला. चार. लग्नाचे तेवढेच हायेत, बाई.

तिनं अंगठा परत धरला.

त्यांनी परत सोडवला. तिनं परत धरला. कॅप्टन नुसतं रुमालाच्या हालचालीकडं बघत होते. बाप घामाघूम, लेक मात्र थंड. ग्लासातलं पाणी तिनं डाव्या हातानं उचलून पिऊनही टाकलं.

"आगं, एवढे न्हाईत माझ्याकडं!" शेवटी ईश्वरप्पा मोठ्यानं बोलून गेले. रुमाल पसरल्यावर तोंडानं भाव बोलायची चूक चाळीस वर्षांत पहिल्यांदा झाली होती. "ठेव चारची हाय. मोडतो म्हन! सगळी मोडतो. पन पाचवा कुठून आनू?"

"पाचवा आईकडं हाय," सिंधु म्हणाली.

"सिद्धम्माकडं? एक लाख?"

"म्हशीच्या दुधाचा. नऊ वर्सं साठवायलीय ती."

ईश्वरप्पा आ वासून बसले. दर महिन्याला ते बायकोला विचारायचे, दुधाचं काय आलं? आणि दर महिन्याला उत्तर ठरलेलं, पेंडीतच गेलं सगळं. नऊ वर्षं त्या म्हशीनं किती पेंड खाल्ली असेल, याचा हिशोब त्यांनी कधी घातलाच नव्हता.

"मंग सकाळी बोलली का न्हाईस? मी हितं लाचार होऊन बसलो ना!"

सिंधु हसायला लागली. "तिनंच सांगितलं तसं. म्हनली, तुझ्या अप्पानं तोंडानं चार मोडतो म्हनल्याबिगर पाचवा काढायचा न्हाई. आधी कळला तर ते तीनवरच आडून बसतील."

कॅप्टन खुर्चीत मागं रेलून खो खो हसले. ईश्वरप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मिशीत हसू. त्यांनी लेकीच्या तळहातावर खणखणीत टाळी दिली, सौदा पक्का झाल्यावर देतात तशी.

"फारम आना साहेब," ते नाक पुसत म्हणाले. "मला आपलं वाटत व्हतं, घरात दलाल मी येकटाच."