बराक दोनचा प्रतिनिधी

मतांचे चिंचोके मोजून झाले तेव्हा डोंगरसिंगचा मग अर्ध्यावर भरलेला होता. दुसऱ्या मगाच्या तळाशी चार-पाचच पडले होते. बराकीत टाळ्या झाल्या. जेलमधला साक्षरतेचा वर्ग घेणाऱ्या जागृतीताईही हसल्या. धडा होता 'आपला प्रतिनिधी'. नुसतं वाचण्यापेक्षा निवडणूकच घेऊन बघू, हे त्यांनीच सुचवलं होतं.

डोंगरसिंग डोंगरातल्या काठी गावाकडचा. जंगलजमिनीच्या भांडणात आत आलेला, खटला अजून सुरूही झाला नव्हता. मराठी लिहायला-वाचायला तो इथेच शिकला.

"आता काय करायचं, ताई?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचं म्हणणं साहेबांपुढे मांडायचं. तुझ्या एकट्याचं नाही."

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या भाईदासकडे वळल्या. म्हातारा कधीपासून खोकत होता. आता थुंकीत रक्त पडायला लागलं होतं. मागितलं की त्याला तापाची गोळी मिळायची, तेवढीच.

"सांग ना भाऊ," म्हसावदचा शिवाजी हळूच म्हणाला. "म्हातारा मरी जाई."

ताईंनी डोंगरसिंगकडून वाक्य पाठ करून घेतलं. भाईदासला दवाखान्यात न्यावं, ही बराकीची विनंती आहे.

"विनंती म्हणजे?"

"नाही म्हटलं तर आपण परत येतो, ती विनंती."

"आणि नाही परत आलो तर?"

"तिला मागणी म्हणतात," ताई म्हणाल्या. "ती हक्काची असते."

डोंगरसिंगने थोडा विचार केला. "मग मागणीच बरी."

ताईंना त्याचं कौतुक वाटलं. त्यांनी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि सगळ्यांकडून वाचून घेतला.

दुसऱ्या दिवशी जेलरसाहेब फेरीला आले. डोंगरसिंग पुढे झाला. मागे अख्खी बराक उभी राहिली. वाक्य तो न अडखळता बोलला. साहेब चिडले नाहीत. त्यांनी मागे उभ्या असलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली.

"मागणी?" त्यांनी विचारलं. "हा शब्द कुणी शिकवला?"



"बरं," म्हणून ते पुढे गेले.

त्याच दुपारी भाईदासला सिव्हिलला हलवलं. बराक खूश झाली. सकाळी शिपाई आला आणि त्याने डोंगरसिंगला अंथरूण गुंडाळायला सांगितलं.

जागृतीताई वर्गासाठी आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना खोलीत बसवून चहा मागवला.

"कुठे पाठवलं डोंगरसिंगला?" ताईंनी विचारलं.

"जिल्ह्याबाहेर. नेहमीची बदली आहे, मॅडम."

"पण त्याने काय केलं?"

"काहीच नाही. म्हातारा दवाखान्यात गेला ना? तुमचं काम झालं." साहेबांनी कप त्यांच्याकडे सरकवला. "वर्ग बंद करू नका. छान शिकवता. पुढचा धडा स्वच्छतेचा आहे, तो घ्या."

बराकीत सगळे पाट्या घेऊन बसले होते. फळा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसला होता. ताईंनी पुस्तक उघडलं, तसा शिवाजी मान खाली घालून म्हणाला, "आज नुसतं गणित घ्या, ताई. दुसरं नको."

ताईंनी गणित घेतलं.

त्या बाहेर पडल्या तेव्हा फाटकाजवळ डोंगरसिंगची बायको, रमिलाबाई, उभी होती. डोंगरावरून जीपने, मग एसटीने आली होती. हातात भाकरीची पिशवी होती. शिपायाने तिला भेट नाही एवढंच सांगितलं होतं.

"ताई, तो इथे नाही म्हणतात." तिने शब्द जुळवत विचारलं. "त्याने परत काय केलं? मारामारी?"

"नाही गं."

"मग?"



"निवडून आला," त्या म्हणाल्या.

रमिलाबाईचा चेहरा एकदम उजळला.

"मग सुटला?"