थोरल्याच्या नावानं

धाकट्या भावानं, अनेकांतनं, परदेशातनं यंत्रमाग मागवल्यापासनं जयपालच्या पोटात दुखत होतं. याच्या शेडात नवाकोरा माग धडधडणार आणि आपण जुनेच खडखडवत बसायचं? शेवटी नाव न सांगता त्यानं कस्टमला फोन ठोकला, "इचलकरंजीच्या त्या मागाची किंमत मुद्दाम कमी दाखवलीया." माल बंदरातच अडकला, तेव्हा कुठं त्याला जेवण गोड लागलं.

दोन दिवसांनी अनेकांत धापा टाकत आला. "दादा, कस्टमनं तुला बोलावलंय!"

"मला कशाला?"

"माग तुझ्याच नावावर आलाय की. घरातला नवा माग थोरल्याच्या नावानंच आणायचा, ही आपली रीत, विसरलास व्हय? आईनं पुढं केलेल्या कागदांवर तू न वाचताच सह्या केल्यास. कुण्या जळक्यानं चहाडी केलीया बघ. पण भिऊ नगंस, मी हाय की तुझ्यासंगं."