त्रिकोणाखाली फुली

तेरखेड्याजवळच्या एका फटाक्याच्या कारखान्यात भडका उडाला आणि कडूबाईच्या शेजारी काम करणाऱ्या तिच्या सुनेचे दोन्ही हात भाजले. बायकांना वाचता येत नाही म्हणून मालकानं डब्यांवर जुन्या किमयागारांची चिन्हं रंगवून घेतली होती. त्रिकोणाखाली फुली म्हणजे गंधक, आत उभी रेघ असलेलं वर्तुळ म्हणजे सोरा.

“अडाणी बाई, साहेब. चिन्ह ओळखायला चुकली,” मालक चौकशीला आलेल्या साहेबांना म्हणाला.

कडूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं कोळशानं भिंतीवर त्रिकोण काढला, खाली फुली मारली.

“मालक, ह्ये कशाचं चिन्ह हाय, सांगा की.”

“सोऱ्याचं,” मालक लगेच म्हणाला.

 

“लिहून घ्या, सायब. आज सकाळी डबे यांनीच भरलेत.”