सतरा नंबरचा पाठ

“सतरा नंबर!” शिपायानं व्हरांड्यातून हाक मारली.

श्रावस्तीनं बाळ सासूबाईंच्या, मालनबाईंच्या मांडीवर दिलं, पदर सारखा केला आणि पाठाची वही उचलली. बी.एड.चा शेवटचा पाठ. ईट गावची शाळा, सहावीचा वर्ग, मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक मल्लिकार्जुन सर.

“एवढं काय जिवाला लावून घेतीस गं?” बरोबरची अर्पिता कुजबुजली. “पास तर सगळ्यांलाच करतेत. आन् तुला काय मिळणार?”

“पोरं तर खरी हायत ना,” श्रावस्ती म्हणाली. कुठल्या तरी शाळेत रोज असं फळ्यासमोर उभं राहावं, एवढंच तिनं लहानपणापासून मागितलं होतं.

तिनं फळ्यावर लिहिलं : भूमहून एसटी दहा चाळीसला निघाली, परंड्याला बारा पाचला पोचली. किती वेळ लागला?

“मॅडम, आमची एसटी येळंवर सुटतच न्हाय,” बब्रुवान बसल्या जागेवरून बोलला. वर्ग खिदळला.

“व्हय? मग पंचवीस मिनिटं उशीर धर आन् ये, तूच सोडव.”

दोनदा पुसून तिसऱ्यांदा त्याचं उत्तर बरोबर आलं. त्यानं स्वतःच टाळ्या वाजवल्या. सरांचा पेन थांबला.

पाठानंतर तोंडी. सर सकाळपासून सगळ्यांना एकच विचारत होते, या पेशात का आलात? कुणी म्हणालं, घरच्यांनी घातलं. कुणी, लग्न जमायला बरं पडतं. अर्पिता म्हणाली होती, दुसरं काही जमलं नाही.

बाहेर बाळ रडत होतं. श्रावस्तीनं एकदा दाराकडं बघितलं.

“गणित सुटल्यावर पोराचं तोंड कसं होतं, ते बघायला, सर. दुसरं काय सांगू?”

सरांनी चष्मा काढला. “जूनपासून परंड्याला आमच्या शाळेत या. गणिताची जागा रिकामी आहे, आणि संस्थेत माझा शब्द चालतो. बाळासाठी जवळच खोली बघू.” त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. “माझ्या यादीत नुसता सतरा आकडा आहे. नाव आणि फोन नंबर लिहा.”

पुन्हा कुणी असं विचारणार नव्हतं. श्रावस्ती कागदाकडं बघत राहिली. दारातल्या अर्पितानं मान खाली घातली.

मग श्रावस्तीनं, जिच्या नावावर प्रवेश होता, जिच्याऐवजी ती पाठ द्यायला उभी राहिली होती आणि जी दोन वर्षांत एकदाही वर्गात आली नव्हती, त्या हर्षालीचं नाव आणि नंबर स्वच्छ अक्षरात लिहून दिला.