साडेपाचला शब्द

थोरल्या जावेने अख्खं वाक्य दोघींच्या बनावट भाषेत म्हटलं, पण शेवटचा "साडेपाच" मराठीतच निसटला. समोर काजं करत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

"साडेपाचला काय आहे?"

"साडेपाच इंच, आई. खिशाचं माप."

सासूबाईंनी पुन्हा सुई उचलली. धाकट्या जावेची कात्री मात्र कापडातच थबकली होती.

खाली शिवणखोली, वर राहायची जागा. शर्ट शिवायच्या सुना, पाटीवर नाव दोघा मुलांचं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं होतं. बाहेर जायचं तर विचारून, आणि विचारलं की "कशाला?" मुलगे नसले की लक्ष ठेवायला सासूबाई. कपडे न्यायला आलेल्या एका नाटकवाल्या बाईने दोघींना दूरच्या गावी कपडेपटात काम आणि राहायला खोली देऊ केली होती. गाडी शुक्रवारी पहाटे साडेपाचची.

आधी त्यांनी शाळेतली 'च'ची भाषा वापरून पाहिली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी 'च' लावून कात्री मागितली. मग मशीनच्या खडखडाटात शब्द शब्द जमवून ही नवी भाषा उभी राहिली. आकडे तेवढे राहिले होते.

"आजच करू," गच्चीवर कपडे वाळत घालताना थोरली म्हणाली. "नाहीतर आकडेच आपल्याला बुडवणार."

"एक म्हणजे टक, दोन म्हणजे टकटक," धाकटी म्हणाली.

"आणि नऊ म्हणेपर्यंत धाप लागेल. शिवाय आई मोजतील."

एक झाला 'लोम', दोन 'पाशू', पाच 'झेरू'. दहाच्या पुढे धाकटी अडली.

"ताई, एकोणीसचं काय?"

"एकोण नाही नि बिकोण नाही. दहा-नऊ म्हणायचं. शाळेत मी याच्यापायी मार खाल्लाय."

आकड्याच्या वर अर्धा असला की आधी 'मु' लावायचं ठरलं.

"मु-झेरू," धाकटीने जिभेवर घोळवून पाहिलं. "आता जाऊच आपण, नाही का ताई?"

"जाणारच."

आठवडाभर त्या सासूबाईंच्या नाकासमोर आकडे बोलल्या. गाडी, फलाट, पिशव्या किती, सगळं. एकदा जेवताना थोरल्या मुलाने आईला विचारलं, "या दोघी दिवसभर काय बरळतात गं?"

"मला काय ठाऊक? माकडचाळे," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

थोरलीने ताटातून मान वर केली नाही.

गुरुवारी दुपारी मुलगे माल पोहोचवायला गेले. थोरली तिकिटं काढायला निघाली, तर दारात सासूबाई.

"कुठे?"

"बटणं संपलीत."

"दोन डबे भरलेत बटणांनी."

आता मागे फिरलं तर पुन्हा हा उंबरठा ओलांडणं व्हायचं नाही, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. तिने चपला घातल्या.

"मी जातेय, आई."

सासूबाईंनी रस्त्यावर नजर टाकली, मग हलकेच दार लोटून घेतलं.

"मग मु-पाशू तिकिटं काढ," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला अर्धंच पडतं."