मेणाची नाकं

"नाक आणखी लांब करा, काका. मागच्या खुर्चीवरून दिसायला हवं," प्लासिड म्हणाला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चसमोरच्या मैदानात येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं, आणि ते प्लासिडनंच बसवलं होतं. दोन याजकांना मेणाची नाकं लावून झाली होती. आता मंचामागच्या खोलीत रंगभूषाकार पेणकर कयफाच्या, म्हणजे येशूला दोषी ठरवणाऱ्या प्रमुख याजकाच्या, नाकावर मेण चढवत होते. गोखिवऱ्याच्या पेणकरांना सगळी वसई ओळखत होती. गणपतीतलं नाटक असो की नाताळातलं, रंगभूषा त्यांचीच.

"लांब कशाला?" त्यांनी विचारलं.

"यहुदी आहेत ना! कपटी जात. तोंडावरच दिसली पाहिजे."

पेणकरांचा हात थांबला. मेणाचा गोळा घेऊन ते येशू झालेल्या सॅमीसमोर जाऊन उभे राहिले.

"मग यालाही लावतो. हाही यहुदीच. याचा शिष्य पेत्रही. लुसी याची आई मारिया झालीय, तिलाही बोलवा."

सॅमीला हसू फुटलं. प्लासिडला नाही.

"येशूची थट्टा नको, काका. तुम्ही हिंदू मानसं, तुम्हाला आमचं नाय कळायचं."

"हिंदू कोण? मी बेने इस्रायल. यहुदी! एलिजा मोझेस पेणकर. माझे आजोबा पेणला तेलाचा घाणा चालवायचे आणि आमचा विश्रामवार म्हणून शनिवारी बंद ठेवायचे."



"पन तुम्ही तसले नाय हो," प्लासिड चाचरत म्हणाला. "तुम्ही आपले."

"वीस वर्षं आपला होतो, कारण तुम्ही कधी विचारलं नव्हतंत."

त्यांनी कयफाच्या नाकावरचं मेण असं ओरबाडलं की तो कळवळला. मग उरलेली दोन नाकं काढली, पेटीला कडी घातली आणि ते बाहेर पडले. सरळ घरीच जायचं होतं.

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या रेजिनानं त्यांचा हात धरला. "बस रे बाबा. आता यहुदी येतील. त्यांना शिव्या घालायलाच तर पोरं थांबलीत."

पेणकर बसले. अगदी ताठ.

तिसरी घंटा झाली. कयफा रंगमंचाच्या कडेपर्यंत आला, हात उंचावला, आणि त्याची नजर खाली बसलेल्या पेणकरांवर गेली. त्यानं हात खाली घेतला. विंगेतून प्लासिडनं वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं.

"बोल ना," पेणकर खड्या आवाजात म्हणाले. "मी ऐकतोय."